खांद्यांना विसावा

कारकुनाने मसुद्यातला ‘नाइलाजाने’ हा शब्द खोडला, त्याच्या जागी ‘जड अंतःकरणाने’ लिहिलं, आणि तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

चार महिन्यांत तो फोन फारसा वाजलाच नव्हता. खुर्च्यांच्या कारखान्याला या साथीच्या दिवसांत फोन करणार कोण? सभा बंद, शाळा बंद, हॉटेलं बंद. आवारात तयार खुर्च्यांच्या चळती पत्र्याच्या छताला टेकल्या होत्या आणि ऑफिसात तोंडाला रुमाल बांधून हा एकटाच बसत होता.

“साहेब, मी पैलवानाची बायको बोलतेय. गाड्या भरायला असतात ना, ते. कारखान्यात त्यांना पैलवानच म्हणतात.”

“हां वहिनी, बोला.”

“बोलायचं असं काही नाही. आभार मानायचे होते. आमच्या गल्लीत घरटी एक माणूस घरी बसलाय, आणि यांना तुम्ही ठेवून घेतलंत. तुमचं पत्र वाचून दाखवलं त्यांनी मला. रोज सातला डबा घेऊन निघतात, तेव्हा बरं वाटतं बघा.” ती जरा थांबली. “येतात ना ते वेळेवर?”

कारकुनाने पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं.

“हो,” तो म्हणाला. “येतात ना. वेळेवर येतात.”

फोन ठेवल्यावर त्याने फाइल काढली. महिन्यापूर्वी चाळीस जणांना गेलेल्या पत्राची प्रत वरच होती. ‘गेली एकोणीस वर्षे आपल्या खांद्यांनी या संस्थेचा भार पेलला. आजच्या कठीण काळात त्या खांद्यांना काहीसा विसावा मिळावा, अशी व्यवस्थापनाची मनापासून इच्छा आहे. संस्था आपल्याला कधीही परकी मानणार नाही.’ वर्षांचा आकडा ज्याचा त्याचा, बाकी मजकूर सगळ्यांना एकच. कामावरून काढलं हे त्यात कुठेही नव्हतं. ते नसणं हीच तर त्याची कारागिरी होती.

कारखान्यात त्याला मोरपीस म्हणत. पगार कापल्याचं पत्र असो की ताकीद, तो अशा हाताने लिहायचा की घेणारा आभार मानून जायचा. मालकांना त्याचं फार कौतुक. साथ सुरू झाली तसे ते डोंगरावरच्या बंगल्यात जाऊन राहिले होते आणि तिथून फोनवर सांगत, “कुणाचं मन दुखवू नकोस. भरपूर लिही. शब्दांना काय पैसे पडतात?” त्यांच्या आवाजामागे पाखरांचा किलबिलाट ऐकू यायचा. आता आणखी बारा जणांची यादी आली होती.

आजवर त्याला आपल्या लिहिण्याची कधी लाज वाटली नव्हती. आज वाटली. त्या बाईला कळलंच नव्हतं. आणि तो एकोणीस वर्षं गाड्या भरणारा आडदांड माणूस, त्यालाही कळलं नव्हतं. नाहीतर तो रोज सातला डबा घेऊन निघाला कशाला असता?

त्याने फाटकावर जाऊन पहारेकऱ्याला विचारलं.

“येतो की,” पहारेकरी म्हणाला. “तुम्ही यायच्या आधीच. बाहेरच्या कट्ट्यावर बसतो. साडेआठच्या सुमाराला जातो कुठेतरी. मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल.”

रात्रभर कारकून वाक्यं जुळवत राहिला. ‘पैलवान, पत्राचा अर्थ असा होता की...’ अर्थ असा होता की काय? वीस वर्षं दुसऱ्यांच्या वतीने लिहिलं, पण स्वतःच्या तोंडाने कुणाला चार शब्द स्पष्ट सांगायची वेळ कधी आली नव्हती. कुणी त्या माणसाला दुसरीकडे काम देऊ केलं असेल आणि कारखाना आहे ना म्हणून याने ते नाकारलं असेल, तर ते पाप कोणाच्या माथी? मालकांच्या नक्कीच नाही. त्यांनी तर ते पत्र वाचलंही नव्हतं.

सकाळी सव्वाआठला तो फाटकावर हजर झाला. पैलवान कट्ट्यावर बसला होता, शेजारी डब्याची पिशवी. अंगाने उतरला होता, पण खांदे तेवढेच रुंद होते. कारकुनाला बघून तो उठून उभा राहिला आणि सवयीने दोन पावलं मागे सरकला.

“बस, बस,” कारकून म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं की बस म्हणून चालणार नाही. “पैलवान, ते पत्र. मी लिहिलं होतं ते. त्याचा अर्थ... तुला कामावरून काढलंय. महिना झाला. मला तेव्हाच सरळ लिहायला हवं होतं. चुकलं माझं.”

पैलवानाने त्याच्याकडे पाहिलं. रुमालाच्या वर फक्त डोळे दिसत होते, पण ते हसत होते.

“साहेब, ते पहिल्या ओळीतच कळलं होतं. एकोणीस वर्षांत कुणी माझ्या खांद्यांचं नाव काढलं नाही. एकदम एवढं कौतुक आलं म्हटल्यावर कळणार नाही होय?”

“मग इथे येऊन का बसतोस?”

“गाडी इथून घेते मला.” त्याने रस्त्याकडे हात केला. “शववाहिकेवर लागलोय. मोठ्या इस्पितळाच्या. माणसं मिळत नाहीत त्यांना. जड उचलायची सवय कुणाला आहे, विचारत होते.”

कारकुनाची नजर त्याच्या खांद्यांवर गेली.

“घरी माहीत नाही. हिचा भाऊ याच रोगात गेला, तेव्हापासून दाराबाहेर पाऊल टाकू देत नव्हती. कारखान्यात जातो म्हटलं की सोडते. तुमचं पत्र वाचून दाखवलं. संस्था परकी मानणार नाही, वगैरे. एवढी खूश झाली, साहेब, तुम्हाला काय सांगू. मी बाहेरच्या खोलीत वेगळा झोपतो. पॉलिशच्या वासाने खोकला येतो, सांगितलंय.” त्याने मान खाली घातली. “एवढी मेहेरबानी करा. ती कधी इथे आली किंवा तिचा फोन आला, तर मोडता घालू नका.”

पांढरी गाडी वळणावर दिसली. पैलवानाने पिशवीतला डबा बाजूला केला आणि खालचे रबरी हातमोजे काढले. उजव्याचा अंगठा फाटला होता. त्याने आधी अंगठ्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली, दोऱ्याने बांधली, वर हातमोजा चढवला. हे त्याने इतक्या सफाईने केलं की रोजचंच असावं. गाडी थांबली, मागचं दार उघडलं, आणि तो चढून गेला.

कारकून ऑफिसात आला तेव्हा बारा जणांचा मसुदा टेबलावर वाट पाहत होता. त्याने तो समोर ओढला. ‘जड अंतःकरणाने’. तो कितीतरी वेळ त्या दोन शब्दांकडे बघत राहिला. अकराच्या सुमाराला फोन वाजला.

“साहेब, मीच. कालची.”

“बोला वहिनी.” त्याने आवाज जमेल तेवढा मोकळा केला. “पैलवान आलेत कामावर. आजही वेळेवर आले.”

“हो. आले असतील.” पलीकडे नळ चालू होता. तो बंद झाला. “एक विचारायचं होतं. तुमच्या कारखान्यात हातमोजे देतात का?”

“हातमोजे?”

“त्यांचे कपडे मीच धुते, साहेब. एकोणीस वर्षं लाकडाच्या भुशाचे धुतले. महिना झाला, भुशाचा कण निघत नाही. इस्पितळाच्या औषधाचा वास येतो.” ती थांबली. “काल तुम्ही ‘हो’ म्हणायला फार वेळ लावलात. म्हटलं, उगाच खोटं बोलायला लावलं तुम्हाला. तर मी कारखान्यातल्याच हातमोज्यांबद्दल विचारतेय असं समजा. देतात का नीट?”

कामगारांच्या आरोग्याबाबत सर्वतोपरी दक्षता घेतली जाते, हे वाक्य कारकुनाच्या जिभेवर तयार होतं. दरवर्षी तो ते लिहीत असे.

“नाही देत, वहिनी,” तो म्हणाला. “एकच जोड आहे. तोही अंगठ्याला फाटलाय.”

 पलीकडे तिने नाक ओढल्याचा आवाज आला.

“बरं झालं, सरळ सांगितलंत.”

“पॉलिश खात्यात नवे जोड पडून आहेत. उद्या सव्वाआठला मी फाटकावर असेन.”

“मी बोलले म्हणून सांगू नका. मला काही माहीत नाही, याच आधारावर जातात ते. तेवढं राहू द्या त्यांना.”

“नाही सांगणार. कारखान्याने दिलेत म्हणेन.”

“हां.” मग घाईघाईने ती म्हणाली, “आणि साहेब, सोबत पत्र नका देऊ.”

नळ पुन्हा सुरू झाल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. कारकुनाने पेनाला टोपण लावलं, मसुदा होता तिथेच राहू दिला, आणि पॉलिश खात्याच्या किल्ल्या शोधायला उठला.