चंपतरावांच्या बंदुकीचं कपाट

मानकापूरच्या चंपतरावांना एखादी वस्तू स्वस्तात मिळाली, की गल्लीभर सांगितल्याशिवाय करमत नसे. उमरेडकडच्या शेतात रानडुकरांचा धुमाकूळ, म्हणून त्यांच्याकडे परवान्याची बंदूक होती. तिच्यासाठी त्यांनी ऑनलाइन एक कपाट मागवलं. वर आकड्यांची बटणं, हिरवा दिवा. झालं, स्वारी निर्धास्त!

सून दामिनीनं मात्र दाराचा पत्रा अंगठ्यानं दाबून पाहिला. तो चक्क आत गेला.

"मामाजी, हा तं डब्याचा पत्रा हाय. भिंतीले बोल्टही नाही मारले तुमी."

"नव्या टाइल्सले भोकं पाडू का? काहून भेऊन राहिली वं? नंबराशिवाय देवालेही उघडत नाही ते!"

"दिवा लागला म्हणजे कुलूप मजबूत झालं का? असं कपाट उघडणाऱ्याचा थोडा वेळ खाते, त्याले अडवत नाही. घरात माही सहा वर्षांची हर्षा हाय, मामाजी. निदान काडतुसं तरी वेगळ्या कुलपात ठेवा."

तिची भुणभुण थांबावी एवढ्यासाठीच त्यांनी काडतुसं दुसऱ्या कपाटात हलवली.

दसरा उजाडला. शस्त्रपूजेला बंदूक तेवढी काढायची; पण चंपतरावांना पाहुण्यांना कपाटही दाखवायचं होतं! त्यांनी ते अख्खंच ओढत देवघरापुढे आणलं. झेंडूची माळ घालताना ते कलंडलं आणि पत्रा वाकून कुलूपबंद दार आपसूक उघडलं. बंदूक घसरत रांगोळी काढणाऱ्या हर्षापुढे येऊन थांबली.

"आबा, मी डुक्कर मारू?" म्हणत नातीनं चाप दाबलासुद्धा. नळी पूजेचं ताट घेऊन आलेल्या दामिनीकडे होती.

खट्!

बंदूक रिकामी होती! चंपतरावांनी ती झडप घालून उचलली खरी, पण काडतुसं आत असती तर, या विचारानं ते सगळ्यांदेखत रडले.

संध्याकाळी सोनं द्यायला दामिनी रीतीप्रमाणे पाया पडू लागली. चंपतरावांनी तिला थांबवलं आणि आपट्याची पानं आधी तिच्याच हातावर ठेवली.

"पोरी, तू टोकलं नसतं तं आज या पोरीची माय गेली असती, माह्यापायी. लई उपकार हाय तुहे."

दामिनीनं हर्षाला जवळ ओढलं.

बंधू-भगिनींनो, कपाट घेतलं म्हणजे जबाबदारी संपली असं नाही. ते भक्कम घ्या, भिंतीला जखडा, काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवा. आणि घरातलं कुणी टोकलं, तर राग मानू नका, आभार माना. चंपतराव आजही सुनेचे आभार मानतात, तिला अवघडल्यासारखं होईपर्यंत!