दहावी गाडी

थोरली आपल्या धाकट्या जावेला पाण्यात पाहायची, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त धाकटीला ठाऊक नव्हतं, आणि थोरलीचा खरा संताप त्याचाच होता. अहो, ज्या बाईवर आपण जळतो तिला निदान त्याची झळ तरी लागावी की नाही?

दोघी एकाच सायकल मंडळात होत्या. मंडळ तीस-चाळीस माणसांचं, पण नियमांना पक्कं. गावाबाहेरचे, गाड्यांची वर्दळ नसलेले आडरस्ते शोधायचे आणि वहीत उतरवायचे, हा त्यांचा उद्योग. वही मास्तरांकडे असायची. भूमिती शिकवून निवृत्त झालेले, तिरकी रेघ दिसली तरी बेचैन होणारे. रस्ता वहीत यायचा तर रविवारी सकाळी सात ते आठ कुणीतरी तिथे बसून गाड्या मोजायच्या. नऊपर्यंत रस्ता पास, दहावी आली की बाद. जुने रस्तेही दरवर्षी पुन्हा मोजायचे. आपला रस्ता आपण मोजायचा नाही. आणि खोटा आकडा दिला, तर त्या माणसाचं नाव आणि त्याचे रस्ते वहीतून कायमचे गेले.

नव्या रस्त्याला पहिलं पान मिळायचं आणि हंगामाच्या पहिल्या फेरीत तो शोधणारा सगळ्यांच्या पुढे असायचा. गेली तीन वर्षं पहिल्या पानावर थोरलीचा कालव्याकाठचा रस्ता होता. एरवी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत दिवसभर रक्तातल्या पेशी मोजत बसणाऱ्या बाईकडे कोण बघतो? डॉक्टर कागद बघतात, पेशंट डॉक्टरांकडे बघतात. त्या एका सकाळी मात्र ती पुढे आणि अख्खं मंडळ मागे. वर्षातला तेवढा एक दिवस तिचा होता.

आणि आता धाकटीने रस्ता शोधला होता!

सासूबाई हिच्या हातच्या भाजीचं कौतुक करतात, ठीक आहे. थोरलीची सख्खी लेक वेणी घालून घ्यायला काकूकडे पळते, तेही गिळलं. पण रस्ता? दोन वर्षं झाली नाहीत हिला घरात येऊन, सायकल चालवायलाही थोरलीनेच शिकवलेली. थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्यात मास्तर म्हणाले, "मोजायला तुम्हीच जा. पेशी मोजणारी नजर आहे, चूक व्हायची नाही."

"ताई मोजणार म्हणजे मला काळजीच नाही," धाकटी म्हणाली. पुन्हा हसली वर.

रविवारी सातला थोरली धाकटीच्या रस्त्यावर, पडक्या वीटभट्टीजवळच्या मोरीवर जाऊन बसली. पेशी मोजायचं टिकटिक करणारं यंत्र मांडीवर. रस्ता वाईट निघावा म्हणून तिने मनातल्या मनात किती नवस केले, पण मेला रस्ता चांगलाच होता. दोन्हीकडे उभं पीक, मधोमध गवताची पट्टी, हलका उतार. वाऱ्याशिवाय कसला आवाज नाही. कालव्याकाठच्यापेक्षा हा बरा आहे, हे तिला पहिल्या पाच मिनिटांतच कळलं.

दुधाची गाडी गेली. टिक. तीन मोटारसायकली, एक ट्रॅक्टर. प्रत्येक टिकेला तिला गुदगुल्या होत होत्या. साडेसातला नऊ! आता एक, फक्त एक. पण नववीनंतर रस्त्याला जणू कुणी कुलूपच घातलं. पावणेआठ झाले. एक चिटपाखरू नाही.

थोरलीने ओढणीची पिन काढली, सायकलच्या मागच्या चाकात खुपसली आणि नवऱ्याला फोन लावला. तो गादीवाल्याचा टेम्पो चालवायचा, आणि त्या सकाळी जवळच्याच वस्तीत गाद्या पोचवायला आलेला होता.

"अहो, पंक्चर झालंय. लगेच या. लगेच म्हणजे लगेच!"

आठला दोन मिनिटं कमी असताना टेम्पो आला. टिक.

संध्याकाळच्या बैठकीत ती "दहा" म्हणाली. मास्तरांनी धाकटीच्या रस्त्यावर काट मारली. धाकटीचा चेहरा एवढासा झाला, पण म्हणाली काय? "ताईंनी मोजलंय, म्हणजे बरोबरच असणार." थोरलीला वाटलं होतं, आता कसं गार गार वाटेल. कसलं काय!

घरी आल्यावर नवरा चहा ओतता ओतता म्हणाला, "दहावी मीच ना गं?"

थोरलीने कप पुढे सरकवला.

"चाकात काटा नव्हता, पिनेचं भोक होतं. आणखी एक सांगतो. गेल्या महिन्यात तुझा कालव्याचा रस्ता धाकटीने मोजला, आठवतं? तिकडे नवीन पूल झालाय. तेरा गाड्या गेल्या. मला येऊन विचारत होती, भाऊजी, काय करू? मी म्हटलं, दिसलं ते लिही. तिने नऊ लिहिल्या."

थोरली तशीच उठून धाकटीच्या खोलीत गेली. धाकटी शिवणाच्या कारखान्यात कपड्यांचे नमुने कापायची. आताही कागदावर खुणा करत बसली होती.

"कालव्यावर किती होत्या?"

धाकटीचा हात थांबला. "तेरा. रागावू नका, ताई. त्या फेरीला तुम्ही जशा दिसता ना, तशा घरात कधी दिसत नाही. ते माझ्या हातून कसं बंद पाडू?"

दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांना पाणी आलं असतं. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हणजे चांगुलपणातही हिचाच पहिला नंबर! आणि गेला महिनाभर आपण मिरवला तो रस्ता हिच्या दयेवर?

ती चपला घालून तडक मास्तरांकडे गेली.

"भट्टीच्या रस्त्यावर नऊच होत्या," दारातच म्हणाली. "दहावी मी फोन करून बोलावली. खोटं बोलले."

मास्तरांनी तिला आत बोलावलं. मग वही काढली, पट्टी लावली, आणि थोरलीच्या नावावर सरळ रेघ ओढली. मग कालव्याच्या रस्त्यावर. तीन वर्षांचं पहिलं पान, दोन रेघांत संपलं.

"आणखी काही सांगायचंय?" त्यांनी विचारलं.

तेरा. एवढा एकच शब्द. तो उच्चारला की धाकटीही गेली, तिचा रस्ताही गेला, आणि थोरलीला यात खोटं काही बोलावं लागणार नव्हतं. तो शब्द तिच्या अगदी जिभेवर आला.

"नाही," ती म्हणाली.

मास्तरांनी पेन खाली ठेवलं. "स्वतःहून सांगायला आलात, तेही जावेसाठी. मोठं मन आहे तुमचं."

"कसलं डोंबलाचं मोठं मन!" थोरली उसळली. "जळते मी तिच्यावर, मास्तर. आत्ता, या घटकेलासुद्धा जळते. तुम्ही लिहा. नऊ."