कोणाकडची मुलगी

डोंगरावरच्या त्या देवस्थानाला जायचं तिघी मैत्रिणींनी मिळून ठरवलं होतं. सुट्टी चार दिवसांची, खिसा जेमतेम, आणि वर धर्मशाळेत स्वस्तात सोय होते असं कुणीतरी छातीठोकपणे सांगितलेलं. निघायच्या आदल्या दिवशी एकीला नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं आणि दुसरीच्या आईने ऐनवेळी नन्नाचा पाढा लावला. उरली टिकली. वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती, चणीने एवढीशी, म्हणून वसतिगृहाने तिचं नाव टिकली ठेवलेलं. तिकिटं परत घेणार नव्हते. "मग मी जाते एकटीच," असं ती म्हणाली आणि बसमध्ये जाऊन बसली.

बसने सकाळी पायथ्याशी सोडलं. पुढचा घाट जीपने चढायचा. थांब्यावर सात-आठ जीप उभ्या होत्या आणि प्रत्येकीभोवती गराडा. टिकलीने त्यातल्या त्यात शांत दिसणाऱ्या चालकाला विचारलं, "वर जाणार का?"

"अहो, बसा ना लवकर. तुमच्यासाठीच खोळंबलोय."

आपल्यासाठी हा कशाला खोळंबेल, हे तिला कळेना. पण चालक लोक असंच बोलत असतील, असं म्हणून ती मागच्या बाकावरच्या फटीत शिरली. चालकाने आत डोकावून बोटाने माणसं मोजली. "दहा सांगितली होती, दहा झाली," म्हणाला आणि दार लावलं.

जीपमध्ये पुढे एक आजोबा होते, कानात यंत्र घातलेले. मधल्या बाकावर एक उंच, करारी काकू, त्यांचे यजमान आणि मुलगी. मागच्या बाकांवर एक गुटगुटीत काकू, त्यांचेही यजमान आणि तीन मुलं. घाटभर मधला बाक मागे वळला नाही आणि मागच्या बाकाने पुढे काही विचारलं नाही. फक्त दोन्ही पुरुष अधूनमधून धुक्याबद्दल बोलले. टिकलीने हिशेब केला की ही दोन वेगळी कुटुंबं दिसतात. वर पोचल्यावर तिने भाडं पुढे केलं तर चालक म्हणाला, "झालंय सगळ्यांचं." देवस्थानच गाडी देत असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. इतकी चांगली सोय असताना लोक उगाच महागाईची रड लावतात, असंही तिला वाटून गेलं.

धर्मशाळेचा व्यवस्थापक जाड वहीत डोकं खुपसून बसला होता. "दहा जण, दोन खोल्या," तो म्हणाला.

"मला एक खाट हवी होती," टिकली म्हणाली.

"खाटा खोलीतच असतात," तो मान वर न करता म्हणाला.

ती पहिल्या खोलीत गेली. करारी काकूंनी तिला नखशिखांत न्याहाळलं. "तुझी पिशवी तिकडे ठेव. त्यांच्या खोलीत." ती दुसऱ्या खोलीत गेली. गुटगुटीत काकू सामान लावत होत्या. "इकडे पाठवलं का तुला? वाटलंच मला. राहा बाई, त्यात तुझा काय दोष." खिडकीजवळची खाट त्यांनी तिला दिली आणि पुढ्यात डबा उघडला. टिकलीला भूक लागली होती. ती मुकाट्याने जेवली.

मग निरोप सुरू झाले. गुटगुटीत काकू म्हणाल्या, "सांग जा तुझ्या त्या काकूंना, गरम पाणी आमच्यासाठीही ठेवायचं असतं." टिकली म्हणाली, "अहो, त्या माझ्या..." "हो हो, मोठ्या आहेत, मान द्यायला हवा, मला का कळत नाही? तू फक्त सांग." पलीकडे करारी काकू म्हणाल्या, "तिला सांग, आधी बादली लावायचं कुणी अडवलं होतं?" टिकली दोन दारांच्या मध्ये व्हरांड्यात उभी राहिली. काल पहाटे ती वसतिगृहाच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होती. आज दोन अनोळखी बायका तिच्या तोंडून भांडत होत्या आणि दोघीही तिला आपली समजत नव्हत्या.

दुपारी आजोबा तिला व्हरांड्यात भेटले. उन्हाला खुर्ची टाकून बसले होते. "ये बस," ते म्हणाले. "दोन्ही सुना सात वर्षं एकमेकींशी बोललेल्या नाहीत. मीच हट्ट धरला, देवाला जायचं तर सगळ्यांनी एका गाडीतून. थोरलीचा मुलगाही यायचा होता, त्याला रजा मिळाली नाही वाटतं. तू थोरलीची भाची की धाकटीची?"

"मी कुणाचीच नाही, आजोबा. मी चुकून तुमच्या गाडीत बसले."

आजोबांनी कानातलं यंत्र जरा दाबलं. "धाकटीची होय? छान छान."

तेव्हा कुठे टिकलीच्या डोक्यात प्रकाश पडला. थोरल्यांना ती धाकट्यांच्या माहेरची वाटत होती आणि धाकट्यांना थोरल्यांच्या. एकमेकींना विचारण्याचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसून, दुसऱ्या कुणाचं जेवून ती इथे आली होती. आत्ताच्या आत्ता जाऊन सांगावं म्हणून ती उठली, तेवढ्यात त्या करारी, थोरल्या काकू दारात आल्या. "ए मुली, तिला सांग, पांघरुणं सगळी तिकडेच ओढून नेलीत, इथे आम्ही काय कुडकुडायचं?"

टिकली दुसऱ्या खोलीत गेली. आता तिला कुणाची तरफदारी करायची नव्हती, तरी ते वाक्य जसंच्या तसं तोंडातून बाहेर पडेना. "काकू विचारतायत," ती म्हणाली, "एखादं पांघरूण जास्तीचं आहे का. आजोबांना थंडी वाजेल म्हणून."

धाकट्या काकूंचे हात थांबले. "त्यांनी विचारलं? असं?" त्यांनी दोन पांघरुणं काढली, मग विचार करून स्वतःची शालही वर ठेवली. टिकलीने ते सगळं पहिल्या खोलीत नेऊन ठेवलं, तशा थोरल्या काकू खाटेवर बसल्या. "तिने दिलं? आपणहून?" बराच वेळ त्या शालीचा काठ चाचपत होत्या. मग म्हणाल्या, "सकाळी पाणी मी तिच्यासाठी काढून ठेवीन म्हणावं."

हा निरोप टिकलीने शब्दही न बदलता पोचवला, आणि खरं सांगायचं ते राहूनच गेलं. आता सांगितलं तर पांघरुणांचंही सांगावं लागेल. आपण चांगलं केलं की दुसऱ्याच्या घरात नाक खुपसलं, याचा उलगडा तिला होईना.

दुसऱ्या दिवशी रांगेत खरं आपोआपच बाहेर पडलं. तीनशे पायऱ्या चढून गेल्यावर दर्शनाचे पास तपासत होते. एका कुटुंबाला एक पास. खिडकीतल्या कारकुनाने सगळ्यांची ओळखपत्रं घेतली आणि टिकलीचं कॉलेजचं कार्ड बाजूला काढलं. "हे आडनाव वेगळं आहे. ही मुलगी कोण?"

"त्यांच्याकडची," थोरल्या काकू म्हणाल्या.

"त्यांच्याकडची," धाकट्या काकूही त्याच दमात म्हणाल्या.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. रांग मागून ढकलत होती.

"तुमची भाची नाही ही?" धाकटीने विचारलं. सात वर्षांतलं हे पहिलं वाक्य.

"माझी कशी असेल? तुझी ना?"

टिकलीने मग एका दमात सगळं सांगून टाकलं. जीप, खाट, भाडं, डबा, पांघरुणं. माफी मागितली, पैसे पुढे केले. पण तिच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

"म्हणजे पांघरुणं तुम्ही मागितली नव्हती?" धाकटी म्हणाली.

"मागितली. पण अशी गोड नव्हती मागितली."

"मला वाटलंच होतं. इतकं गोड तुम्ही कधी बोलला होतात माझ्याशी?"

"सासूबाई दवाखान्यात होत्या, तेव्हा तू एक फोन केला नाहीस. गोड कुठून बोलू?"

"तीनदा केला. तुमच्याकडे कुणी उचलला नाही."

"आमचा फोन तेव्हा बंद पडला होता."

"मग तसं सांगायचं."

"कुणाला सांगणार? तू बोलत होतीस का?"

कारकुनाने कंटाळून टिकलीला वेगळी चिठ्ठी दिली आणि सगळ्यांनाच आत सोडलं. रांगभर दोघी भांडत राहिल्या. बारशाचं निघालं, घर रंगवल्याचं निघालं, कुठल्याशा लग्नात कोण कुठे बसलं होतं तेही निघालं. मध्येच धाकटीचा आवाज भरून आला आणि थोरलीने तिच्या हातात स्वतःचा रुमाल कोंबला, तोही रागानेच. दोघे भाऊ छताकडे बघत होते. गाभाऱ्याशी पोचल्यावरही त्या कुजबुजत होत्या. टिकली त्यांच्यामध्ये चेंगरली, पुढे ढकलली गेली, आणि बाहेर आल्यावर तिच्या लक्षात आलं की हात जोडायचे राहिले. आजोबा मात्र तृप्त दिसत होते. त्यांनी कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं होतं.

परतीच्या जीपपाशी तिने मी मागे राहते म्हटलं, तर दोन्ही काकूंनी तिला दटावलं, आणि आधी कुणी दटावलं यावरून पुन्हा शब्दाला शब्द वाढला. दोघी मधल्या बाकावर शेजारी बसल्या होत्या. भांडायला सोयीचं पडत होतं म्हणून असेल, किंवा अजून कशासाठी.

थांब्यावर टिकलीची बस लागलेली होती. थोरल्या काकूंनी तिला पुन्हा असं कुणाच्याही गाडीत न बसण्याबद्दल चार शब्द सुनावले. धाकट्या काकूंनी उरलेला डबा पिशवीत घातला. "अभ्यास कर," त्या म्हणाल्या. बस सुटली तेव्हा तिने खिडकीतून पाहिलं. दोघी जीपपाशी उभ्या होत्या, मध्ये हातभर अंतर. धाकटीने काहीतरी विचारलं आणि थोरलीने मान हलवली. होकाराची की नकाराची, ते एवढ्या लांबून कळलं नाही.