कवड्याचे पट्टे

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा: सूर्यमाळच्या एका पाड्यावर भर दुपारी सारी माणसं गोळा झालीत आणि मधोमध ढवळू भगताच्या मनगटाला पांढऱ्या पट्ट्यांचा काळा साप चावून लोंबकळतोय.

"मण्यार हाय, मण्यार! एका चाव्यात बैल आडवा! पन माज्या मंतरापुढं तिची काय टाप?"

भगताने राख फुंकली, साप मडक्यात टाकला आणि ठणठणीत उभा राहिला. माणसांनी हात जोडले.

दहा वर्षांच्या पोशीची आई चैती मात्र डोळे पुसत होती. श्रावणात पोशीच्या धाकट्या भावाला, लक्ष्याला, जमिनीवर निजलेला असताना मण्यार चावली. याच भगताने रात्रभर मंतर घातला. पोर गेलं. "काळा कोंबडा सांगितला व्हता, तू तांबडा आनलास," असं त्याने वर चैतीलाच सुनावलं. तेव्हापासून ती स्वतःला बोल लावायची.

पोशी मडक्यावर वाकली. "लक्ष्याला चावली तिची मान सगळी काळी व्हती. याचे पट्टे मानेपासनंच हायेत."

"तू काय सापांची सासू गं?" भगत म्हणाला. लोक हसले.

शाळेतल्या योगिताबाई पुढे आल्या. "बरोबर बोलतेय ती. हा कवड्या. याला विषच नाही. मण्यारीचं सोंग घेतो."

"सोंग कशाला, बाई?" पोशीने विचारलं.

"समज, तू घुबड आहेस. पट्ट्यांचा साप दिसला. कवड्या असला तर एक वेळचं जेवण, मण्यार असली तर जीव जाणार. धरशील?"

"नाय."

"म्हणून पट्टेवाले कवडे जगले, त्यांचीच पिल्लं वाढली. पिढ्यान् पिढ्या हा डाव चाललाय. खऱ्या मण्यारीची भीती आहे, तोवर सोंग खपतं."

"म्हंजे भगतबाबाचंबी तसंच," पोशी म्हणाली.

आता कुणी हसलं नाही. भगताने मडकं काखेत मारलं आणि तो सटकला.

"मंग कोंबड्यानं काय झालं नव्हतं?" चैतीने विचारलं.

"काहीच नाही, चैतीताई."

चैतीने सुस्कारा सोडला, मग पुन्हा बाईंकडे पाहिलं. "आन् जव्हारला दवाखान्यात नेला असता तर?"

योगिताबाईंना खोटं बोलता आलं असतं. "तिथे औषध आहे. वेळेत पोचला असता तर बहुतेक वाचला असता."

चैती तिथेच खाली बसली. तिला रडूही येईना.

मुलांनो, ज्या चाव्याने माणूस मरतच नाही, तो बरा करण्यात कसली करामत? हे विचारायला शिका. आणि साप कुठलाही असो, ओळखत बसू नका. थेट दवाखाना गाठा.

पोशी आईजवळ बसून राहिली. मग उठली, चुलीतला कोळसा घेतला आणि पाड्यातल्या एकेका भिंतीवर दवाखान्याच्या गाडीचा नंबर लिहीत सुटली: १०८. पहिली भिंत भगताची.