माडीचा फेस

राही लग्न होऊन आली तेव्हापासून माडी बाटल्यांत भरायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं, आणि आता ती त्याला पार विटली होती. नवरा बाबल्या माडावरून मडकं उतरवायचा, ती नरसाळं धरून बाटल्या भरायची, आणि मक्तेदाराची बैलगाडी त्या भरलेल्या बाटल्या हेदवीच्या गुत्त्यावर न्यायची. बाबल्या भंडाऱ्याचं मडकं म्हणजे निवांत. वर बोटभर फेस, बाकी माडी सरळ धारेने खाली.

यंदा मात्र नरसाळं सारखं तुंबायचं. फेस अरुंद नळीच्या तोंडाशी दाटायचा, बुडबुड्याला बुडबुडा अडवायचा, जत्रेत देवळाच्या दारात माणसं अडकतात तसं. राही झाडूचा हीर घालून ढोसायची. चार फुटायचे, दहा मागून यायचे. घाईने ओतलं की बाटली भरल्यासारखी दिसायची आणि फेस बसला की अर्धी. तिचे हात भरून यायचे.

"मडक्याचा गुण हाय," बाबल्या म्हणायचा. मग म्हणायचा, उन्हाचा.

राहीने मडकं बदललं, नरसाळं घासलं. फेस तोच. मग एका सकाळी ती माडाखाली जाऊन उभी राहिली. बाबल्या उतरत होता. खोडातल्या खाचेत पाय टेकला की त्याची पोटरी थरथरायची आणि कमरेचं मडकं माडावर आपटून डचमळायचं. फेस रोज हेच सांगत होता, आणि ती मेली हीर घेऊन त्यालाच ढोसत बसली होती.

"आता पुरे वो ता माडावर चढणा," ती म्हणाली. "हाडा मोडून घेशाल."

"मग कोण चढंल? तू? का मुंबयच्या गिरणीतला लेक?" बाबल्या उखडला. "भंडारी माडाखाली बसला म्हंजे मेला."

तिने हात टेकले.

दुसऱ्या दिवशी तो नेहमीच्या वेळेला आला, मडकं ओट्यावर ठेवलं आणि पाठ फिरवून बसला. "बघ, आज फेस नाय."

राहीने नरसाळं बाटलीत बसवलं, मडकं उचललं. ते हलकं लागलं. आत बघितलं, तर कोरडं.

"पैल्या खाचंवरनंच परत फिरलो," तो भिंतीकडे बघत म्हणाला. कमरेची कोयती सोडून त्याने तिच्यापुढे ठेवली.

तिने देवाकडे हेच मागितलं होतं. तरी तिला रडू फुटलं. बाहेरून गाडीवाल्याने हाक मारली. तिने डोळे पुसले आणि रिकाम्या बाटल्या परत द्यायला ती बाहेर गेली.