तीन वेळा वाजलेला फोन

शनिवारी सकाळी चर्चचे पाळक रविवारच्या उपदेशाची तयारी करत बसले होते. विषय होता उत्तम मेंढपाळ. नव्याण्णव मेंढरं रानात सोडून हरवलेल्या एकासाठी माघारी फिरणारा. लिखाण छान जमत होतं, आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. शिवणमावशीचा.

शिवणमावशी एकटी राहायची आणि मंडळीतल्या निम्म्या लोकांचे कपडे शिवायची. बोलायला लागली की तासभर सुटका नसे. गुडघा, शेजारीण, मशीनचा पट्टा, पुन्हा गुडघा. पाळकांनी फोन घेतला नाही. तो पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यांनी आवाज बंद करून तो उशीखाली सारला.

"कुणाचा होता?" स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं.

"कुणाचा नाही," ते म्हणाले.

रविवारी उपदेश रंगला. पुढच्या बाकावरच्या दोन बायकांनी डोळे पुसले. मावशीची जागा रिकामी होती, पण ते पाळकांच्या लक्षातही आलं नाही.

भक्ती संपल्यावर दाराशी एक अनोळखी माणूस उभा होता. हातात पान्यांची पिशवी.

"मी प्लंबर," तो म्हणाला. "शिवणवाल्या मावशी काल न्हाणीघरात पडल्या. खुबा मोडलाय. आधी तुम्हाला फोन लावला म्हणाल्या, लागला नाही. मग माझा नंबर दिसला त्यांना, नळासाठी बोलावलं होतं ना. कडी तोडून आत गेलो. हॉस्पिटलात आहेत. तुम्हाला कळवा म्हणाल्या."

"तुम्ही... कालपासून तिथेच होता?"

"एकट्या होत्या हो. कसं निघणार?"

पाळकांना त्याच्याकडे वर बघवेना. त्याच्या शर्टावर गंजाचे डाग होते. तेवढेच ते बघत राहिले.

दुपारी ते हॉस्पिटलात गेले. मावशी खाटेवर एवढीशी दिसत होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईला तिने कौतुकाने सांगितलं, "हे आमचे पाळकसाहेब. यांचा फोन बिघडला होता, नाहीतर धावत आले असते."

इथे गप्प बसणं सोपं होतं. खोटं बोलायचीही गरज नव्हती, नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.  

"फोन बिघडला नव्हता, मावशी," ते म्हणाले. "मी घरीच होतो. तुमचं नाव दिसलं म्हणून उचलला नाही."

शेजारच्या बाईने तोंड फिरवलं. मावशीने नजर छताकडे वळवली.

"मी फार बोलते म्हणून?"

"हो."

"तीनदा लावला होता मी."

"माहीत आहे."

तिने चादर गळ्यापर्यंत ओढली. "आज जा तुम्ही. मला बोलायचं नाही."

ते उठले. जिन्यात त्यांना मंडळीतले दोघं भेटले आणि "काय सुंदर उपदेश झाला आज" म्हणाले. पाळक खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा हॉस्पिटलात गेले. मावशी बोलली नाही. ते तासभर स्टुलावर बसले आणि परतले. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मावशीने उशाशी ठेवलेलं संत्रं त्यांच्यापुढे केलं.

"सोला," ती म्हणाली. "आणि बिया काढून द्या."

पाळकांनी बाह्या वर सारल्या आणि ते एकेक फोड उलगडून बिया काढायला लागले.