खंडेनवमीला राहिलेला डोस

जरा धूळ बसली, एखादा स्क्रू सैल झाला, की लोक लगेच भंगारवाल्याचं नाव काढतात. माझं तर डोकंच फिरतं. मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे आणि मला अजून लख्ख दिसतं!

माझी भिंगं खालच्या बाजूला आहेत, त्यामुळे बाटलीतल्या जिवंत पेशी मला बुडाकडून दिसतात. या उलट्या बांध्याची मला फार मिजास होती. नाशिकच्या प्रयोगशाळेत आलो तेव्हा माझ्यासमोर रांग लागायची. पुढे पडद्यावर चित्र दाखवणारे नवे सूक्ष्मदर्शक आले आणि माझी रवानगी कपाटावर झाली. सात वर्षं मी तिथे पालीची अंडी सांभाळली.

मला खाली उतरवलं ते सटाण्याच्या डॉ. योगिनी पगार यांनी. त्या मेलानोमावर संशोधन करतात. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा हा कर्करोग. त्याच्यावर गोळ्या आहेत, पण काही महिन्यांनी पेशी निर्ढावतात आणि गोळ्यांना दाद देईनाशा होतात. असं का होतं, हेच त्यांना शोधायचं होतं.

पेठकडच्या लंकाबाईंचं असंच झालं होतं. भातशेतीत अनवाणी राबणारी ही बाई. तळपायावर काळा डाग आला, तो काटा मोडलाय असं समजून त्यांनी अंगावर काढला. ऑपरेशन झालं, तरी जांघेत गाठ आली. गोळ्यांनी ती आठ महिने विरली आणि पुन्हा वाढू लागली. त्यांच्या संमतीने त्या गाठीतल्या पेशी आमच्याकडे आल्या. त्या दिवशी त्यांनी विचारलं, "ताई, औंदा नाय, पन पुढल्या आवनीला, भात लावायला तरी उभी राहीन ना मी?"

"प्रयत्न करतेय, मावशी," योगिनीताई म्हणाल्या.

दर चौथ्या दिवशी पेशींना ताजा पोषक द्रव आणि त्यात औषध घालायचं काम भिकाकाकांचं. हे आमचे पंचवटीतले मदतनीस, हाताने पक्के आणि देवभोळे. खंडेनवमीला ताई सटाण्याला गेल्या होत्या. काकांनी मला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं आणि शेजारी औषधाची बाटलीही पूजेत मांडली. पेशींना द्रव घालायची वेळ आली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नसतं. त्यांनी नुसताच द्रव घातला.

चार दिवसांनी ताई परतल्या आणि चिडल्या. "काका, चार दिवस औषध नाही? आता सगळ्या माजल्या असतील!"

"ताई, पूजा मांडलेली, बाटली उचलू कशी?" काका पार ओशाळले.

ताईंनी रागारागाने माझ्या नळीला डोळा लावला आणि बाटली पुन्हा पुन्हा सरकवून पाहिली. पेशी मरून, आक्रसून तरंगत होत्या. औषधाशी झुंजता झुंजता त्यांना त्याचीच सवय जडली होती. ते काढून घेतलं आणि त्या कोलमडल्या!

ताईंनी प्रयोग पाच वेळा केला, आता मुद्दाम. पाचही वेळा तेच दिसलं. नव्या यंत्रांनी आकडे काढले असतील, पण पहिल्यांदा ते मी दाखवलं, हे मी सांगणारच. मग रुग्णालयाच्या समितीची परवानगी घेऊन डॉक्टरांनी लंकाबाईंच्या गोळ्या ठरावीक काळ थांबवल्या, पुन्हा सुरू केल्या. मार्चमध्ये गाठ निम्मी झाली. हे प्रत्येकाला लागू पडेलच असं नाही, असं ताई दहादा बजावतात. लंकाबाईंना मात्र लागू पडलं.

ऑगस्टमध्ये आवणी उरकून त्या दोन जिने स्वतः चढून आल्या. त्यांनी माझ्यात डोकावून आपल्याच गाठीतल्या पेशी पाहिल्या. "एवढूसंच? अन् ह्याला मी भ्यायले!" त्या इतक्या मोठ्याने हसल्या की मी टेबलासकट हललो. भिकाकाका हसता हसता डोळे पुसत होते. मला तर आनंदाने ओरडावंसं वाटलं.

मित्रांनो, जुनी यंत्रं पुसत चला. आणि अंगावरचा काळा डाग वाढताना दिसला तर लगेच डॉक्टरांना दाखवा. तुम्ही जितक्या लवकर दाखवाल तितकं मला काम कमी, आणि या एका बाबतीत रिकामं बसायला मला फार आवडेल.